मोडका भाग घेऊन मंडईला जाताना



पावसाने उघडीप दिली आहे, रानात वाफसा आला आहे, बियाणे घरात येऊन पडले आहे आणि नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर बंद पडला, असा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांवर आलेला असेल. बैल आजारी पडला तर सावडीने शेजाऱ्याचा बैल आणता येत असे. ट्रॅक्टर मोडला तर शेजाऱ्याचाही ट्रॅक्टर त्याच्याच रानात गुंतलेला असतो. वाफसा काही कुणाची वाट पाहत नाही. मग घाई होते. तुटलेला भाग काढायचा, पोत्यात घालायचा, मिळेल त्या वाहनाने पुणे गाठायचे, दिसेल त्या पहिल्या दुकानात तो वेल्डिंग करून घ्यायचा आणि रात्रीच्या रात्री गावी परतायचे. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर चालू होतो. आठ-पंधरा दिवसांनी तोच भाग, त्याच जागी किंवा त्या जागेच्या बोटभर अलीकडे, पुन्हा तुटतो.

असे का होते बरे? मिस्त्रीने काम वाईट केले म्हणून? कधी तसेही असेल. पण पुष्कळदा सांधा चांगला असतो, आणि तरीही भाग तुटतो. कारण तो पहिल्यांदा ज्यामुळे तुटला, ती गोष्ट ट्रॅक्टरमध्ये जशीच्या तशी बसलेली असते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होतो. आज मला तुम्हांला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. तुटलेला भाग जोडायला देण्यापूर्वी तो का तुटला, हे शोधून काढा. ते उत्तर हाती नसेल, तर जोडणावळीचे पैसे आणि वाफशाचे दिवस दोन्ही वाया जाण्याचा संभव आहे.

हे सांगण्यासाठी मी मंडईचा आधार घेणार आहे. पुण्याची मंडई तुम्हांला परकी नाही. शुक्रवार पेठेतली ही दगडी इमारत १८८६ साली उभी राहिली. त्या वेळी तिला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले होते. आज आपण तिला महात्मा फुले मंडई म्हणतो. आपल्या आज्या-पणज्यांनी रात्रभर बैलगाडी हाकून इथे माल आणला. पुढे घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, आणि सप्टेंबर २०२४ पासून तर मंडईच्या पोटाखाली मेट्रोचे स्टेशन सुरू झाले आहे. पण माल उतरवला, पट्टी हातात आली, की गावाकडची कामे उरकून परतायचे, ही रीत काही बदललेली नाही. मंडईपासून पायी चालत रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जावे, तर नटबोल्ट, पाने, कानशी, हवे ते लोखंडी सामान मिळते. थोडे पुढे नाना पेठेत गेले, तर गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने लागतात. मंगळवार पेठेकडे बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरत आला आहे; तिथे जुन्या यंत्रांचे भागही दृष्टीस पडतात. म्हणून मोडका भाग घेऊन येणाऱ्याला मंडईचा परिसर सोयीचा वाटतो.

आता मंडईत माणसे खरेदी कशी करतात ते आठवा. नारळ घेणारा तो कानाजवळ नेऊन हलवून पाहतो. कलिंगड घेणारा त्यावर बोटाने ठोकतो. कुंभाराकडून माठ घेणारी बाई तो वाजवल्याशिवाय पैसे देत नाही. नाद खणखणीत आला तर माठ चांगला, बद्द आला तर कुठे तरी चीर आहे, हे तिला कुणी शाळेत शिकवलेले नसते. दोन-पाचशे रुपयांच्या माठासाठी आपण एवढी पारख करतो. मग ज्याच्यावर सगळ्या पेरणीची मदार, त्या इंजिनाचा भाग न पारखता का द्यावा किंवा का घ्यावा?

एक उदाहरण घेऊ. समजा, पुरंदर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडे जुना ट्रॅक्टर आहे. १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर आपल्याकडे खेडोपाडी पोचला. तो किंवा त्या सुमाराचा एखादा ट्रॅक्टर आहे असे धरू. शेतकरी वाटाणा किंवा सीताफळे घेऊन पुण्याला येतो, आणि परतताना ट्रॉलीत खताची पोती भरून दिवे घाट चढतो. एके दिवशी घाटात इंजिन तापते. खाली उतरून पाहतो, तर पाण्याच्या पंपाच्या बॉडीचा एक कान तुटलेला.

हा पंप काय करतो ते थोडक्यात सांगतो. इंजिनात डिझेल जळते, त्याची उष्णता सिलिंडरच्या भोवतालच्या पाण्यात उतरते. ते तापलेले पाणी रेडिएटरमध्ये जाते, पंख्याच्या वाऱ्याने निवते, आणि पंप ते पुन्हा इंजिनात ढकलतो. अशा बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत पंप आणि पंखा एकाच दांड्यावर बसवलेले असतात आणि एकच पट्टा दोघांनाही फिरवतो. पंपाची बॉडी बिडाची असते. तिला कान असतात. त्या कानांतल्या भोकांतून बोल्ट घालून ती इंजिनाला आवळलेली असते.

आमच्या या शेतकऱ्याने कान जोडून घेतला आणि पंप बसवला, तर काय होईल? पुन्हा तुटेल. कारण कान आपला आपण तुटलेला नाही. आपण मागे मागे जाऊन पाहू.

पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असते. ते कारखान्यात मुद्दाम ठेवलेले असते. पंपाच्या आत पाणी आणि बेअरिंग यांच्यामध्ये एक सील असते. ते सील झिजले, की पाणी बेअरिंगकडे जायला लागते. तसे जाऊ नये, वाटेतच बाहेर पडावे आणि मालकाला ते दिसावे, यासाठी ते भोक आहे. म्हणजे त्या भोकातून थेंब पडणे ही यंत्राने मारलेली हाक आहे. आपण काय करतो? थेंब दिसला, की भोकात साबणाचा बोळा कोंबतो किंवा लाकडाची खुंटी ठोकतो. गळती थांबली, असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे पाणी आता आत वळले. त्याने बेअरिंगमधले ग्रीस धुऊन नेले. गोळ्यांना गंज चढला. बेअरिंग सैल झाले आणि दांडा डुगडुगू लागला. दांडा डुगडुगला म्हणजे पंखाही डुगडुगणार. पट्टा घसरून किंचाळू लागला, म्हणून कुणी तरी तो आणखी ताणला. त्यामुळे दांड्यावरची ओढ वाढली. मिनिटाला हजारो फेऱ्या घेणारा तो पंखा प्रत्येक फेरीला बॉडीला हिसका देत राहिला. चारांपैकी एक बोल्ट कधीच गळून पडला होता. त्याचा भार उरलेल्या तिघांवर आला. आणि एक दिवस दिवे घाटाच्या चढावर कान तुटला.

बघा, एका थेंबापासून सुरुवात झाली. सील वेळीच बदलले असते, तर थोडक्यात भागले असते. आता सील, बेअरिंग, पट्टा आणि बॉडी, सगळ्यांचाच खर्च पुढे उभा राहिला. इतक्यावर निभावले तरी नशीब म्हणायचे. कारण डुगडुगणारा पंखा रेडिएटरमध्ये घुसला, तर रेडिएटर गेला. तापलेल्या इंजिनात कुणी घाईने विहिरीचे गार पाणी ओतले, तर हेडला किंवा ब्लॉकला तडा जातो. लालबुंद तव्यावर पाणी शिंपडल्यावर काय होते, ते घरातल्या बायांना विचारा. म्हणून इंजिन तापल्यावर आधी त्याच्यावरचा भार काढावा. तापल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. वाफ उसळून तोंड-हात भाजतात. इंजिन चांगले निवू द्यावे आणि मग पाणी थोडे थोडे घालावे.

आता घरून निघण्यापूर्वी काय करायचे ते सांगतो.

पहिली गोष्ट, तुटलेला भाग काढण्याआधी आजूबाजूचे नीट पाहा. पंखा हाताने धरून पुढे-मागे, वर-खाली हलवा. अर्थात इंजिन बंद आणि थंड असताना. पंखा हलला, तर बेअरिंग गेले. बोल्ट मोजा. एखादा कमी असेल, किंवा एखादा सैल आणि दुसरा अति आवळलेला असेल, तर ते लक्षात ठेवा. खालचे भोक उघडे आहे की कोंबलेले आहे, ते पाहा. पट्टा किती ताणलेला होता ते पाहा.

दुसरी गोष्ट, तुटलेली कड वाचायला शिका. बिडाची नुकतीच तुटलेली कड राखाडी आणि खरखरीत दिसते, गुळाची ढेप फोडल्यावर आतून कशी कणीदार दिसते तशी. त्याच कडेचा काही भाग तांबूस, गंजलेला किंवा तेलाने काळा झालेला असेल, तर तेवढी चीर जुनी आहे, असे समजावे. म्हणजे कान आज तुटला नाही. तो कित्येक दिवस तुटत होता, आज फक्त पडला. जुनी चीर दिसली, की कारणही जुने आहे, हे ओळखावे. म्हणून ती कड घासूनपुसून चकचकीत करून नेऊ नका. मिस्त्रीला ती आहे तशी दिसली पाहिजे.

तिसरी गोष्ट, आणखी कुठे चीर आहे का, ते शोधा. इथे माठाची पारख उपयोगी पडते. बॉडी दोरीने टांगून लहान हातोडीने हळूच ठोका. नाद खणखणीत आला तर बरे. बद्द आला तर दुसरीकडेही चीर असण्याचा संशय घ्यावा. मग खडूचा उपाय करावा. भाग धुऊन कोरडा करा. त्यावर रॉकेलचा हात फिरवा. रॉकेल न मिळाले तर डिझेल चालेल. पंधरा-वीस मिनिटे थांबा, म्हणजे ते चिरेत मुरते. मग वरचे सगळे कोरड्या फडक्याने पुसून टाका आणि त्या जागी शाळेतला पांढरा खडू किसून त्याची पूड चोळा. हातोडीने दोन-चार वेळा हलके ठोका. थोड्या वेळाने चिरेत मुरलेले तेल खडू शोषून घेतो आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. डोळ्यांना न दिसणारी चीर अशी सापडते. हे करताना जवळ विस्तव, विडी, चूल काही नको, बरं का.

चौथी गोष्ट, तुटलेले सगळे तुकडे न्या, लहानातला लहानसुद्धा. जुने बेअरिंग, सील, पट्टा, एक बोल्ट आणि जुने पॅकिंग हेही पिशवीत घ्या. ट्रॅक्टरच्या पाटीवरचे मॉडेल आणि इंजिनाचा नंबर कागदावर उतरवून घ्या. भागावर ओतीव अक्षरे किंवा आकडे असतील, तर तेही लिहा. दुकानात जाऊन "तसाच द्या, मोठ्या ट्रॅक्टरचा" असे सांगणाऱ्याला दोन खेपा घालाव्या लागतात.

भाग जोडायचा की नाही, हे आता धातूवरून ठरते. बीड आपल्या शेतीला नवे नाही. उसाच्या चरकाचे लाट्ये बिडाचे असत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडीला कारखाना काढून लोखंडी नांगर शेतकऱ्यांपर्यंत पोचवले, तेव्हापासून ओतीव लोखंडाशी आपली ओळख आणखी वाढली. बिडात सुमारे तीन टक्के, म्हणजे शंभर किलोत तीन किलोच्या आसपास कार्बन असतो. साध्या मऊ पोलादात तो पाव टक्क्याच्या आसपास असतो. बिडातला पुष्कळसा कार्बन आत बारीक पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो. त्यामुळे बीड दाब उत्तम सोसते, पण ओढ आणि हिसका सोसत नाही. पोलाद वाकते आणि मग तुटते. बीड न वाकताच तुटते. ओळखायचे कसे? कानशीने घासा. बिडाची काळी भुकटी पडते आणि बोटे पेन्सिलच्या शिशासारखी काळी होतात. गिरमिट लावले तर बिडाचा भुगा निघतो, पोलादाची वेटोळी निघतात.

बिडाचा हा स्वभाव लक्षात घेतला, म्हणजे त्याचा सांधा घाईने का होत नाही ते कळते. एकाच जागी जोराची आच दिली, तर ती जागा फुगते आणि भोवतालचे थंड बीड तिला फुगू देत नाही. निवताना ती आक्रसते, तेव्हाही शेजारचे बीड तिला आवळू देत नाही. या ओढाताणीत सांध्याच्या शेजारीच नवी चीर पडते. थंड काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला, की पेला तडकतो, तसेच हे. शिवाय साध्या पोलादी कांडीने वेल्डिंग केले, तर सांध्याच्या कडेला एक अतिशय कठीण आणि ठिसूळ पट्टी तयार होते. तिच्यावर कानस घसरते, गिरमिट चालत नाही. सांधा दिसतो भक्कम, पण कडेने तुटतो.

म्हणून कारखान्यात गेल्यावर मिस्त्रीशी बोला. बोलणे साधारण असे व्हावे.

"मामा, बॉडी जोडून देतो. पण बेअरिंग कुठंय?"

"बेअरिंगचं काय? चालतंय अजून."

"चालतंय, पण हाताला डुगडुगतंय ना? मग हा कान जोडून काय उपयोग? बेअरिंग आणि सील आधी आणा, कान मग जोडू."

असा मिस्त्री भेटला, तर त्याला सोडू नका. तो आपला धंदा बुडवीत नाही, तुमचा हंगाम वाचवीत आहे.

चांगला मिस्त्री पुढे काय करतो, तेही सांगून ठेवतो, म्हणजे शेजारी उभे राहून तुम्हांला पाहता येईल. तो आधी भागाला सावकाश आच देऊन आत मुरलेले तेल जाळून काढतो. तेलावर सांधा धरत नाही. चीर पुढे सरकत असेल, तर तिच्या टोकाशी तीन मिलिमीटरच्या आसपास भोक पाडतो. चिरेचे टोक टोकदार असते, सगळा ताण तिथे गोळा होतो. गोल भोकात तो पसरतो आणि चीर थांबते. मग तुटलेल्या दोन्ही कडा उतरत्या घासून मध्ये चर करतो, म्हणजे भर पुरेशी खोल जाते. कान सरळ बसावा म्हणून बॉडी सपाट जाड पत्र्यावर बोल्टांनी धरून ठेवतो.

सांधण्याच्या दोन रीती विशेष चालतात. एक पितळी सांध्याची, जिला कारागीर ब्रेझिंग म्हणतात. बीड साधारण बाराशे अंशांच्या आसपास वितळते. पितळी कांडी त्याच्या पुष्कळ खाली, नऊशे अंशांच्या आसपास वितळते. त्यामुळे बीड न वितळवता, गॅसच्या ज्योतीने सगळा भाग सारखा तापवून पितळ चरात भरता येते. पाण्याच्या पंपासारख्या, फार न तापणाऱ्या भागाला ही रीत चांगली मानवते. पण धुराड्याला जोडलेल्या, अतिशय तापणाऱ्या भागाला ती देऊ नये. दुसरी रीत निकेलच्या कांडीची. ही कांडी महाग असते, पण तिचा सांधा मऊ राहतो, त्याला कानस आणि गिरमिट लागते. इंच-इंच एवढाच टाका घालायचा, तो गरम आहे तोवर हातोडीने हलके ठोकायचा, हात ठेववेल इतका निवू द्यायचा आणि मग पुढचा टाका, असे हे काम चालते. जो मिस्त्री एका दमात सगळी चीर भरून टाकतो, त्याला थांबवा.

सांधा झाल्यावर भाग पाण्यात बुडवू नये, पंख्याखाली ठेवू नये. चुलीतली कोरडी, कोमट राख किंवा चुन्याची भुकटी यांत तो पुरून रात्रभर सावकाश निवू द्यावा. इथे घाई करणारा शेतकरी स्वतःचेच काम बिघडवतो. "मामा, उद्या सकाळी या" असे मिस्त्री म्हणाला, तर रागावू नका. ती एक रात्र तुम्हांला हंगामभर पुरेल.

सकाळी भाग ताब्यात घेताना मंडईची पारख पुन्हा करा. ठोकून नाद ऐका. इंजिनाला टेकणाऱ्या बाजूवर सरळ पोलादी पट्टी उभी धरा आणि खालून उजेड दिसतो का ते पाहा. उजेड दिसला, तर ती बाजू वाकडी झाली आहे. लेथवर तिला सपाट करून घ्यावे. वाकडी बाजू बोल्टांच्या जोराने ओढून बसवली, तर कान पुन्हा तुटलाच म्हणून समजा.

भाग जोडावा, जुना घ्यावा की नवा घ्यावा, याचा हिशेब नुसत्या किमतीवर करू नये. जोडणावळीत नवे सील, बेअरिंग, लेथचे काम आणि जाण्यायेण्याचा खर्च धरा. जुन्या बाजारातल्या भागावर त्याची स्वतःची झीज असते. तो ठोकून, खडू लावून, दांडा हलवून घ्या. नवा भाग मिळत असेल आणि त्याची किंमत या सगळ्या बेरजेच्या जवळपास जात असेल, तर नवाच घ्यावा. पण जुन्या ट्रॅक्टरचा नवा भाग मिळायला दहा दिवस लागणार असतील आणि वाफसा चारच दिवसांचा असेल, तर जोडणेच शहाणपणाचे. दिवसांची किंमतही त्या बेरजेत मांडायला विसरू नका.

आता बसवताना. नवे सील, नवे बेअरिंग, नवे पॅकिंग. बोल्ट सगळे असावेत, एकही कमी नको. ते एका बाजूने ओळीने आवळू नका. एक इकडचा, मग त्याच्या समोरचा, असे थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला, की अर्धा-पाऊण इंच दबावा. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत वेगळे माप दिले असेल, तर ते प्रमाण मानावे. इंजिन आधी रिकामे चालवून थेंब पडतो का ते पाहा. एक तास काम केल्यावर, इंजिन निवल्यावर, बोल्टांवर पुन्हा पाना ठेवून पाहा. आणि ते खालचे भोक? ते उघडेच ठेवायचे.

मंडळी, सगळेच भाग जोडण्यासारखे नसतात, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पंपाची बॉडी जोडून बिघडली, तर पाणी सांडेल. पण स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकची जोडणी, ट्रॉलीच्या हूकचा भाग, इंजिनातला कनेक्टिंग रॉड किंवा फ्लायव्हील जोडून वापरले आणि ते घाटात तुटले, तर माणूस दगावेल. हे भाग तुटले, की नवेच घालायचे, इथे काटकसर नको. डिझेलच्या टाकीला गळती लागली, तर ती रिकामी दिसते म्हणून वेल्डिंगला देऊ नका. आत राहिलेली वाफ पेट घेते आणि टाकी फुटते. ट्रॅक्टरवरच वेल्डिंग करायची वेळ आली, तर बॅटरीच्या तारा आधी सोडवून घ्या. आणि वेल्डिंगच्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका, मुलांना तर जवळ उभेही करू नका.

शिक्षक मित्रहो, आता थोडे तुमच्यासाठी. ज्यांच्या नावाने ही मंडई ओळखली जाते, त्या जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवावे, असे सुचवले होते. आजच्या शेतीच्या प्राथमिक ज्ञानात यंत्राचे ज्ञान आलेच. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक चांगला आणि एक तडा गेलेला माठ वर्गात आणा; मुलांना डोळे मिटून नाद ओळखू द्या. चीर असली म्हणजे कंप पुढे जात नाही, हे विज्ञान त्यांना तिथेच कळेल. तडा गेलेल्या खापरावर तेल आणि खडूचा प्रयोग तुम्ही स्वतः करून दाखवा. लोहारकामाच्या जागेवरून बिडाचा आणि पोलादाचा एकेक तुकडा आणून कानशीने घासू द्या. वर्गातल्या ज्या मुलाने ही काळी रेघ एकदा पाहिली, तो घरी जाऊन बापाच्या ट्रॅक्टरला खडू लावल्याशिवाय राहणार नाही.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला, तेव्हा सुमारे दीडशे गावांतली माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत. ऐका, चर्चा करा आणि कृती करा, असे त्या मंडळांचे सूत्र होते. आजचे हे भाषणही तसेच घ्यावे. गावात चार-पाच ट्रॅक्टर असतील, तर सगळ्या मालकांनी पेरणीच्या महिनाभर आधी एका संध्याकाळी एकत्र यावे. प्रत्येकाच्या पंपाखाली हात घालून भोक उघडे आहे का, थेंब पडतो का, पंखा डुगडुगतो का, बोल्ट पुरे आहेत का, एवढ्या चारच गोष्टी पाहाव्यात. ज्याचा थेंब पडतो त्याने सील त्याच आठवड्यात बदलावे. मग मृगाच्या पावसानंतर मोडका भाग पोत्यात घालून धावपळ करण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही, आणि मंडईला जायचे ते मालाची पट्टी घ्यायलाच जाता येईल.